नेता गेल्यावर लिहिलेली कविता टिकते कशाने?

कऱ्हाकाठ :
गेल्या महिन्यात गावाकडच्या घराचा माळा आवरताना आजोबांची एक जाड वही सापडली. आजोबा शाळामास्तर होते. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली, त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी वरच्या वर्गातल्या मुलांकडून 'बापूजी गेले' या विषयावर चार-चार ओळी लिहून घेतल्या, ते कागद खळीने वहीत चिकटवले आणि शेवटच्या पानांवर स्वतःच्याही तीन कविता उतरवल्या. खळीच्या वासाने कसरीने बरीच पाने खाल्ली आहेत, तरी एकतीस कागद वाचता येतात. त्यांतल्या एकोणीस कागदांवर सूर्य मावळला आहे, सहांवर दिवा विझला आहे आणि तीन ठिकाणी वटवृक्ष कोसळला आहे. आजोबांच्या तिन्ही कवितांत सूर्य, दिवा आणि वटवृक्ष एकत्र नांदतात.

एका मुलाने मात्र एवढेच लिहिले आहे की त्या रात्री आमच्या घरी चूल पेटली नाही, मला भूक लागली आणि भूक लागल्याची लाज वाटली. त्यात यमक नाही, छंद नाही आणि बापूजी हा शब्दही नाही. वही मिटल्यावर माझ्या लक्षात राहिला तो हाच कागद.

यावरून माझे एक मत बनले आहे, ते मांडतो. राष्ट्रनेत्याच्या मृत्यूवर लिहिली गेलेली बहुतेक कविता विरते, कारण ती गेलेल्या माणसाची उंची मोजत बसते. आणि जी थोडी टिकते ती मागे राहिलेल्यांचे नेमके काय झाले हे सांगते म्हणून टिकते. आपल्याला काय वाटते? कोणत्याही भाषेतील उदाहरणे चालतील. मात्र नेता थोर होता की नव्हता हा वाद या धाग्यावर नको, ही विनंती.

फुरसतराव :
त्या मुलाला गुण किती मिळाले होते, ते आधी सांगा. बाकीची चर्चा मग करू.

खडूफळा :
मी बत्तीस वर्षे इंग्रजी शिकवले. लिंकनच्या मृत्यूवरची अमेरिकन कवी व्हिटमनची 'ओ कॅप्टन! माय कॅप्टन!' ही कविता किती वर्गांकडून पाठ करून घेतली याची गणती नाही. जहाज बंदराला लागले आहे, काठावर लोक जल्लोष करीत आहेत आणि कप्तान मात्र डेकवर थंड पडला आहे, हे चित्र ज्याने समुद्र कधी पाहिला नाही अशा दुष्काळी तालुक्यातल्या मुलालाही लगेच समजत असे. यात नेत्याची उंचीच आहे की! जहाजाला कप्तान एकच असतो आणि उरलेले सारे खलाशी. तरीही ही कविता दीडशे वर्षे टिकली आहे. तेव्हा कऱ्हाकाठ, आपला नियम पहिल्याच उदाहरणाला अडखळतो, असे नम्रपणे सुचवतो.

मुक्काम_ब्रुकलिन :
खडूफळा सर, ती टिकली हे खरे, पण खुद्द व्हिटमनला तिचे टिकणे जड झाले होते. १८७९ पासून तो लिंकनवर व्याख्याने देत असे आणि शेवटी श्रोत्यांना हीच कविता हवी असे. ती आपण लिहिली नसती तर बरे झाले असते, अशा अर्थाचे त्याचे वैतागाचे बोल नोंदले गेले आहेत. आयुष्यभर मुक्तछंदात लिहिलेल्या माणसाची सर्वांत लोकप्रिय कविता ठाशीव यमकांची असावी, याचे त्याला काय वाटत असेल ते आपण ओळखू शकतो.

लिंकनवरची त्याची दुसरी कविता दीर्घ आहे आणि माझ्या मते तीच खरी विलापिका. तिचा आरंभ अंगणातल्या लायलॅकच्या फुलांपासून होतो. हे झुडूप मराठी वाचकाला परके आहे, म्हणून सांगतो: पाने पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची, फुले फिकट जांभळी आणि तुऱ्यांनी लगडलेली, आणि वास असा की रस्त्याच्या पलीकडूनही कळतो. आमच्या गल्लीत एका जुन्या घराच्या कुंपणाशी एक आहे. लिंकनवर १४ एप्रिल १८६५ च्या रात्री गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. व्हिटमन तेव्हा इथे ब्रुकलिनमध्ये आईकडे होता. त्या वर्षी ही झाडे लवकर फुलली होती आणि पुढे कधीही तो वास आला की आपल्याला तो दिवस आठवतो, असे त्याने व्याख्यानात सांगितले आहे.

त्या कवितेत लिंकनचे नाव एकदाही येत नाही. शवपेटी गल्ल्यांतून आणि रस्त्यांतून जाते. ती प्रत्यक्षात वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डपर्यंत आगगाडीने सुमारे २,६०० किलोमीटर गेली होती आणि वाटेतल्या शहरांत लोक रात्री-बेरात्री मशाली घेऊन उभे होते. कवी काय करतो, तर त्या जाणाऱ्या पेटीवर लायलॅकची एक डहाळी ठेवतो. पुढे तर तो म्हणतो की ही डहाळी केवळ तुला एकट्याला नाही, सगळ्याच शवपेट्यांना आहे. चार वर्षांच्या यादवी युद्धात मेलेल्या लाखो सैनिकांचा शोक त्या एका पेटीमागून चालू लागतो.

आणि कऱ्हाकाठ, आपल्या त्या मुलासाठी एक गोष्ट मुद्दाम राखून ठेवली होती. व्हिटमनने आपल्या आठवणींत त्या दिवसाबद्दल लिहिले आहे की आईने नेहमीप्रमाणे न्याहारी रांधली, नंतरचे जेवणही रांधले, पण दिवसभरात दोघांपैकी कोणी घासही घेतला नाही. दोघांनी अर्धा-अर्धा पेला कॉफी घेतली, वर्तमानपत्रांचे अंक आणले आणि न बोलता ते एकमेकांच्या हाती देत राहिले. तिथे चूल पेटली होती, पण जेवण झाले नाही. लायलॅकपेक्षा मला हे अधिक लागते. मात्र हे त्याने गद्यात लिहिले. कवितेत घेतले नाही.

दक्खनी :
नाव न घेण्याचा मुद्दा निघालाच आहे, तर नेमके उलटे उदाहरण देतो आणि तेही आपल्या घरचे.

लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात गेले. त्यांच्यावर मौलाना हसरत मोहानी यांनी उर्दूत एक शोकरचना केली. हसरत हे टिळकांना राजकारणातले गुरू मानत. आज बहुतेक मराठी रसिक त्यांना 'चुपके चुपके रात दिन' या गझलेमुळे ओळखतात आणि तिचा कवी टिळकभक्त होता हे सांगितल्यावर थोडे दचकतात. या रचनेचा रदीफच, म्हणजे ओळीच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारा शब्दच, 'तिलक' आहे. म्हणजे 'आज', 'सरताज' अशी काफियांची, म्हणजे त्याआधीच्या यमकांची, पायरी चढून प्रत्येक वेळी ओळ त्या एका नावावर येऊन थांबते. मैफलीत रदीफ जवळ आला की श्रोते तो कवीच्या आधी उच्चारतात, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे ही रचना म्हटली जाताना गेलेल्या माणसाचे नाव सभाच घेत असणार. व्हिटमनने नाव गिळले आणि हसरतने ते सभेच्या तोंडी दिले. दोन्ही युक्त्या माझ्या मते सारख्याच कसलेल्या आहेत.

त्याआधी, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले, तेव्हा लखनौचे वकील-कवी ब्रिजनारायण चकबस्त यांनी त्यांच्यावर मुसद्दस लिहिला. मुसद्दस म्हणजे सहा-सहा चरणांच्या बंदांची रचना: चार चरण एका यमकाने चढत जातात आणि शेवटचे दोन वेगळ्या यमकाने घाव घालतात. करबलाच्या लढाईत इमाम हुसेन मारले गेले त्या शोकाचे मर्सिये, म्हणजे विलापगीते, मीर अनीस आणि मिर्झा दबीर यांनी लखनौमध्ये याच घाटात सिद्ध केले होते. एका काश्मिरी पंडिताने पुण्याच्या चित्पावन नेत्यासाठी करबलाच्या रडण्याचा घाट वापरावा आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटू नये, असा तो काळ होता. पुढे टिळकांवरही चकबस्त यांनी शोककाव्य लिहिले.

कऱ्हाकाठ यांच्या नियमाबद्दल म्हणाल तर या कवितांत नेत्याची थोरवी भरपूर आहे आणि तरी त्या मला आवडतात, कारण मर्सियाची परंपरा थोरवी सांगत सांगत श्रोत्याला रडवण्याचे तंत्र जाणते. आपल्याकडे थोरवी सांगण्याचे तंत्र आहे आणि रडवण्याचेही आहे, पण पहिले पोवाड्यात राहिले आणि दुसरे कीर्तनात, असे कधी कधी वाटते.

फुरसतराव :
तंत्रावरून आठवले. आमच्या तालुक्यात एक शीघ्रकवी होते आणि त्यांच्याकडे शोकसभेची एकच कविता होती. नेता कोणत्याही पक्षाचा, जिल्ह्याचा वा देशाचा असो, कविता तीच आणि फक्त नावाची जागा मोकळी. 'युगपुरुष', 'पोरका', 'पोकळी' हे तीन खांब पक्के रोवलेले असत. चार अक्षरी नावाला चाल बसवलेली होती, त्यामुळे एकदा सात अक्षरी नावाचा नेता गेला तेव्हा कवीला वृत्त सांभाळण्यासाठी अर्धे नाव एका ओळीत आणि अर्धे पुढच्या ओळीत म्हणावे लागले, आणि पहिल्या सभेला भलत्याच माणसाचे निधन झाल्याचा लोकांचा समज झाला. कधीही भरून न येणारी पोकळी पुढे सहा महिन्यांत पोटनिवडणुकीने भरून येई आणि कवी विजयी उमेदवाराच्या सत्कारालाही हजर असत. तिथली कविता वेगळी होती, पण चाल तीच.

इंद्रायणी_पलीकडे :
हसून झाल्यावर थोडे मागे जाऊ या. सूर्य मावळण्याची प्रतिमा झिजली आहे हे मान्य, पण ती झिजली कशामुळे हे पाहिले पाहिजे. मराठीत ती ज्या जागी सर्वांच्या कानावर पडली ती जागा म्हणजे नामदेवांचे समाधीचे अभंग. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली, त्या प्रसंगाचे हे वर्णन. आता दिनकर लोपला आणि 'बाप ज्ञानेश्वर' समाधिस्थ झाला, असे नामा म्हणतो. ज्ञानेश्वर राजकीय नेते नव्हते हे उघड आहे, पण पुढच्या सातशे वर्षांतल्या सार्वजनिक शोकाला मराठीत शब्द पुरवले ते याच अभंगांनी. नेहरूंच्या मृत्यूनंतर आचार्य अत्रे यांनी 'मराठा'तून लिहिलेल्या लेखांच्या पुस्तकाचे नावही 'सूर्यास्त'च आहे.

त्या ओळीत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे क्रियापद. सूर्य मावळला किंवा बुडाला असे न म्हणता 'लोपला' म्हटले आहे. लोपणे म्हणजे नजरेआड होणे. जो लोपतो तो संपलेला नसतो. दुसरी म्हणजे 'बाप' हा शब्द. परंपरेने दिलेले सन धरले तर नामदेव ज्ञानेश्वरांहून पाच वर्षांनी वडील होते. वयाने मोठा माणूस धाकट्याला बाप म्हणतो आणि त्या एका शब्दाने आकाशातला सूर्य घरात येतो. नंतरच्या कवींनी सूर्य उचलला आणि बाप तिथेच ठेवला, एवढीच त्यांची चूक.

याच प्रकरणात निवृत्तिनाथांच्या शोकाचा एक अभंग आहे, तो मला याहून मोठा वाटतो. धाकटा भाऊ आणि शिष्य समाधीत उतरला आहे आणि मागे उभा राहिलेला थोरला भाऊ म्हणतो की बांधलेल्या पेंढीचा आळा सुटला आणि गवत रानोमाळ पांगले. समाधीचे सगळेच अभंग नामदेवांचे आहेत का, की नंतर भर पडली, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण ही पेंढी ज्याची असेल त्याला माझा दंडवत.

आंद्रा_मावळ :
मी शेती करतो. इथे सहसा वाचायला येतो, लिहीत नाही. पण पेंढीचा विषय निघाला म्हणून लिहितो.

भात झोडून झाल्यावर पेंढा बांधतात तेव्हा दोरी घेत नाहीत. त्याच पेंढ्यातली मूठभर लांब काडी उपसायची, तिच्यावर थोडे पाणी मारायचे, दोन्ही हातांनी पीळ द्यायचा, पेंढीभोवती गुडघा दाबून आवळायचे आणि टोक आत खोचायचे. गाठ मारत नाहीत, नुसता पीळ असतो. तो सुटला की पेंढी हळूहळू सैल होत नाही, एकदम उलगडते, आणि वारा असला तर गोळा करता करता संध्याकाळ होते. 'आळा घालणे' असे आपण म्हणतो ते इथूनच आले असावे, असे मला वाटते.

म्हणून त्या अभंगात मला असे दिसते की बांधणारा आणि बांधलेले यांत फरक नाही. आळा ही वेगळी वस्तू नव्हे, ते त्याच गवतातले गवत आहे, फक्त त्याने पीळ सोसलेला आहे. सूर्याचे तसे नसते. बाकी कवितेतले मला फार कळत नाही.

इंद्रायणी_पलीकडे :
आंद्रा_मावळ, हा अभंग मी चाळीस वर्षे म्हणतो आहे आणि आळा गवताचाच असतो हे मला आज कळले.

निळी_पहाट :
धागा वाचताना एक गोष्ट सारखी टोचत होती, ती लिहिते. कोणती कविता टिकते असे विचारताना आपण सगळे छापील पान डोळ्यांसमोर ठेवून बोलत आहोत. माझ्या आजीला अक्षर ओळख नव्हती आणि बाबासाहेबांवरची किमान साठ गाणी तिला पाठ होती.

बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत गेले, पार्थिव विमानाने मुंबईला आणले गेले आणि ७ तारखेला दादरच्या समुद्रकाठी अंत्यसंस्कार झाले. तिथेच आज चैत्यभूमी आहे. त्यानंतर गेली सात दशके दर ६ डिसेंबरला तिथे लाखो माणसे येतात, आणि शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या आणि कॅसेटींच्या, आता पेनड्राइव्हच्या, दुकानांतून भीमगीते वाजत असतात. इतकी वर्षे, दरवर्षी आणि इतक्या माणसांनी मिळून केलेला शोक दुसऱ्या कोणत्या भाषेत गीतरूपाने चालू आहे, ते मला कोणी सांगावे. इथे 'टिकते कशाने' हा प्रश्नच वेगळा होतो. ती गाणी टिकतात, कारण लोक ती घेऊन वर्षातून एकदा समुद्राकाठी येतात.

आता शब्दांकडे येते. अण्णा भाऊ साठे यांच्या गीतात 'सांगून गेले मला भीमराव' असे शब्द आहेत. मराठीत 'सांगून गेला' हे आपण रोज बोलतो. दूधवाला सांगून गेला, पाहुणे सांगून गेले. 'गेले' म्हणजे वारले हेही रोजचेच. या ओळीत ही दोन्ही 'गेले' एकाच जागी उभी आहेत. मृत्यूची बातमी क्रियापदाच्या शेपटीला बांधली आहे आणि वाक्याचा भार 'सांगून'वर आहे. रडायला उसंतच ठेवलेली नाही, कारण सांगितलेले काम पुढच्याच शब्दाला उभे आहे.

वामनदादा कर्डक तर सरळ हाक मारतात: 'भीमा, तुझ्या मताचे जर पाच लोक असते'. या ओळीत 'तुझ्या' आहे, 'तुमच्या' नाही. एरवी घराघरांत 'बाबासाहेब' म्हणून आदरार्थी बहुवचन, आणि गाण्यात 'भीमा, तू'. विठ्ठलाला, आईला आणि मेलेल्याला मराठी माणूस 'तू' म्हणतो. आणि शोक कसला, तर पाचसुद्धा नाहीत याचा. मोजमाप होते ते मागे राहिलेल्यांचे, म्हणजे आमचे, आणि त्यात आम्ही नापास होतो. मला वाटते की कऱ्हाकाठ यांना जे म्हणायचे आहे त्याचे हे नेमके उदाहरण आहे.

मात्र एका बाबतीत माझा विरोध नोंदवते. सूर्य आणि बाप या आमच्याकडे अलंकारिक प्रतिमा नव्हेत. ज्यांना पाणवठ्यावर पाणी पिण्यासाठी महाडला सत्याग्रह करावा लागला, त्यांनी त्या माणसाला सूर्य म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरत नाही. प्रतिमा झिजलेली आहे की नाही, हे ती कोण उच्चारतो यावरही ठरते.

चिरेबंदी :
निळी_पहाट ताईंचा 'तू' आणि 'तुम्ही'चा मुद्दा फार आवडला, पण त्याला एक जोड देतो. जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजीराजांचा पवाडा प्रसिद्ध केला. त्याच्या शेवटाकडे राजाच्या मृत्यूनंतरचा विलाप येतो आणि त्याचे ध्रुपद आहे: महाराज, आम्हासी बोला, धरला का तुम्ही अबोला. इथे 'तुम्ही'च आहे. तरी जवळीक कमी होत नाही, कारण सगळे काम 'अबोला' या शब्दाने केले आहे. अबोला परक्याशी धरत नाहीत. नवरा-बायको धरतात, भावंडे धरतात, जावा धरतात. अबोला धरलेला माणूस याच घरात असतो, फक्त बोलत नसतो, आणि त्याने पुन्हा बोलावे म्हणून आधी आपल्याला काही तरी करावे लागते. छत्रपतीच्या मृत्यूला अबोला म्हणणे म्हणजे राजाला रुसलेल्या घरच्या माणसाच्या जागी बसवणे. पुढे मावळे गडी सोबतीला घेतल्याचे, उन्हातान्हाचे आणि पावसाचे येते. सिंहासन त्या विलापात कुठे दिसत नाही.

ज्यांनी खेडेगावातल्या मयताला बायका हेल काढून रडताना ऐकले असेल, त्यांना हा घाट ओळखीचा वाटेल. गेलेल्याला हाक मारायची, तक्रार करायची, उत्तर का देत नाहीस असे विचारायचे आणि मध्येच त्याच्या कष्टांची एखादी खूण सांगायची. खडूफळा सरांच्या त्या इंग्रजी कवितेतही कवी कप्तानाला 'ऊठ, या घंटा ऐक' म्हणतोच. माझ्या समजुतीने तीसुद्धा कप्तानाच्या उंचीमुळे टिकलेली नाही, या 'ऊठ'मुळे टिकली आहे. इंग्रजीत तू आणि तुम्ही वेगळे दाखवता येत नाहीत, म्हणून कवीने पुढे त्याला 'बाप' म्हटले असावे. हाच शब्द आपण थोड्या वेळापूर्वी आळंदीत ऐकला.

याच्या शेजारी, समर्थांनी संभाजीराजांना लिहिले म्हणून परंपरेत सांगितले जाणारे पत्र ठेवून पाहावे. त्यात शिवरायांचे रूप आठवावे, प्रताप आठवावा असे येते. 'आठवावे' हा विध्यर्थ आहे. तो शोक नाही, आज्ञा आहे, आणि आज्ञा म्हणून ती भिंतीवर लिहायला सोयीची पडते. आमच्या शाळेच्या भिंतीवर होती. अबोल्याची ओळ मी कोणत्याही भिंतीवर पाहिलेली नाही.

खडूफळा :
चिरेबंदी, 'ऊठ'बद्दलचे आपले म्हणणे मान्य. बत्तीस वर्षे मी मुलांना जहाजाचे रूपक समजावले आणि क्रियापदाकडे लक्ष दिले नाही.

म्हापसेकर :
गांधीजींवर बा. भ. बोरकरांनी 'महात्मायन' हे महाकाव्य हाती घेतले होते आणि ते अपुरे राहिले, हे आमच्या गोव्याकडचे उदाहरण. तिकडे हिंदीत कवी हरिवंशराय बच्चन यांनी १९४८ मध्येच 'सूत की माला' आणि सुमित्रानंदन पंतांबरोबर 'खादी के फूल' असे दोन संग्रह काढले. म्हणजे एकाच मृत्यूवर कोणी दोनशेच्या आसपास कविता त्याच वर्षी लिहून मोकळा झाला आणि कोणाची एकच रचना कधी पुरी झाली नाही. घाईने लिहिलेले कच्चे असते असे मी म्हणणार नाही, कारण शोक ताजा असतानाच तो लिहावा असेही एक मत आहे. परंतु सार्वजनिक शोकाची भाषा बाजारात तयार मिळते आणि पहिल्या आठवड्यात तर ती फुकट मिळते, हा धोका कऱ्हाकाठ यांच्या आजोबांच्या वहीत स्पष्ट दिसतो.

खडूफळा :
१९४८ बद्दल एक जड गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. गांधीजींचा मारेकरी मराठी होता. हत्येनंतरच्या दिवसांत पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. म्हणजे त्या आठवड्यात मराठी खेड्यात शोक एकटा नव्हता. त्याच्या सोबतीला भीती होती, संताप होता, शरम होती आणि काही ठिकाणी तर समाधानही होते, हे सांगणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. अशा वेळी सूर्य मावळला असे लिहिणे सर्वांत सुरक्षित होते. सूर्य मावळतो तेव्हा त्याला कोणी मारलेले नसते.

मराठी कवितेने गांधीजींचे जे खरे स्मरण केले ते उशिरा आणि वाकड्या वाटेने केले, असे माझे मत आहे. कुसुमाग्रजांच्या 'अखेर कमाई'तले पाच पुतळे मध्यरात्री एकत्र बसतात आणि आपल्यामागे फक्त आपापली जात उरल्याची खंत करतात. गांधीजी मात्र म्हणतात की तुमच्या मागे निदान तेवढी तरी आहे, माझ्या मागे केवळ सरकारी कचेऱ्यांच्या भिंती. मी ही विलापिकाच मानतो. फक्त इथे शोक करणारे स्वतः मेलेले आहेत.

दक्खनी :
खडूफळा सर, सूर्याबद्दलचे आपले ते शेवटचे वाक्य वाचून थोडा वेळ काही सुचले नाही.

एक लहानशी भर. विरोधकाने केलेला शोक हा या प्रकारातला सर्वांत अवघड भाग असावा. गोखल्यांच्या दहनाच्या वेळी टिळकांनी त्यांना भारताचा हिरा आणि महाराष्ट्राचे रत्न म्हटले. दोघांनी उभी हयात एकमेकांशी वाद घातला होता. अत्र्यांनीही संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात नेहरूंना काही बोलायचे शिल्लक ठेवले नव्हते, आणि २७ मे १९६४ नंतर त्याच लेखणीने 'सूर्यास्त' लिहिला. हे गद्य आहे, पण त्याची लय कवितेपेक्षा फार दूर नाही.

कऱ्हाकाठ :
सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. माझा मूळ नियम आता मला तसाच ठेवता येत नाही. निळी_पहाट ताईंचे म्हणणे मान्य आहे: एखादी प्रतिमा जुनी झाली म्हणून ती खोटी ठरत नाही, आणि माझ्या आजोबांच्या वर्गातला सूर्य व त्यांच्या आजींच्या गाण्यातला सूर्य यांना मी एका पारड्यात घालायला नको होते. नामदेवांच्या ओळीत तर सूर्य आणि बाप शेजारी शेजारीच आहेत. तेव्हा उंची मोजणे हा दोष नव्हे. उंची मोजताना आपण तिथे कुठे उभे होतो हे न सांगणे, हा दोष असावा. अबोला, पेंढी, पाच लोक, पेटीवरची डहाळी, या सगळ्यांत सांगणाऱ्याची जागा ठरलेली आहे.

खडूफळा सरांनी १९४८ बद्दल लिहिल्यावर वही पुन्हा उघडली. आजोबांच्या तीन कवितांपैकी तिसरीच्या खाली तारीख आहे आणि त्या तारखेला शेजारच्या गावात काय झाले होते ते मी वडिलांकडून ऐकलेले आहे. आजोबांनी त्याबद्दल एक अक्षर लिहिलेले नाही. कवितेत बारा ओळी आहेत आणि पाच ठिकाणी सूर्य आहे. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी हसलो होतो. आता हसू येत नाही.

आंद्रा_मावळ, आपण लिहीत जा.

फुरसतराव :
सगळे झाले, पण माझा प्रश्न पहिल्या दिवसापासून तसाच पडून आहे. त्या उपाशी मुलाला गुण किती?

कऱ्हाकाठ :
दहापैकी चार. समासात तांबड्या शाईने शेरा आहे: 'विषय सोडून लिहिले आहे. शुद्धलेखन सुधारावे.' आणि त्याखाली, बहुधा पुढे कधी तरी, पेन्सिलने त्या चारावर एक बारीक रेघ मारलेली आहे. नवा आकडा मात्र लिहिलेला नाही.